थंडीत सायकल चालवताना आधी घाम सांभाळा

नमस्कार मंडळी!

(बनियन कॅमेऱ्यासमोर धरून) हा सुती बनियन बघा. आज तुम्हाला दाखवायचं म्हणून मुद्दाम हाच घालून तासभर सायकल चालवून आलोय. पाठीकडची बाजू बघा, अजून ओली आहे. चालवत होतो तोवर काही जाणवलं नाही. सिग्नलला दोन मिनिटं थांबलो आणि पाठीवर गार फडकं टाकल्यासारखं झालं. थंडीत सायकलवर हुडहुडी भरते ती पुष्कळदा अशी. कपडे कमी पडले म्हणून नाही, जास्त झाले म्हणून.

असं का होतं? पेडल मारताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातली जेमतेम पाव चाक फिरवायला लागते. बाकीची सगळी उष्णता होते. दहा मिनिटांत अंगात शेगडी पेटते म्हणा ना. त्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसली की घाम येतो, आणि सुती कापड तो पिऊन बसतं. ओलं कापड अंगातली ऊब भराभर ओढून घेतं, कारण पाण्यातून उष्णता हवेच्या जवळपास 25 पट वेगाने वाहते.

त्यात वारा. झाडाचं पान हलत नसलं तरी सायकलवर वारा असतोच, तो आपणच तयार करतो. हवा 5 अंशांवर असेल आणि तुम्ही ताशी 25 किलोमीटरने जात असाल, तर उघड्या कातडीला ती जवळपास 0 अंशांसारखी लागते.

म्हणून माझा नियम एकच. घरातून निघताना थोडं गार वाटलंच पाहिजे. दारातच छान ऊबदार वाटत असेल, तर एक कपडा काढून ठेवा. पहिली दहा मिनिटं सोसा, पुढे अंग तापतंच.

अंगाला लागून पातळ, घट्ट बसणारा कपडा हवा, मेरिनो लोकरीचा किंवा घाम बाहेर टाकणाऱ्या सिंथेटिक कापडाचा. मेरिनो मला जास्त आवडते, कारण ती ओली झाली तरी ऊब पार सोडत नाही. त्यावर फ्लीससारखं काहीतरी, दोन थरांमध्ये हवा कोंडून ठेवणारं. सगळ्यात वर विंडचीटर. वारा अडायला हवा तो छातीला. पाठीकडून वाफ जाऊ द्या. आणि जॅकेटला लांब झिप असू द्या. चढ आला की उघडायची, उतार लागण्याआधी लावायची. उतार लागल्यावर नाही, आधी!

हे उतारांचं किती खरं आहे ते 1988 च्या जिरो द इटालियात, म्हणजे इटलीतल्या अनेक दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीत दिसलं. 5 जूनला आल्प्समधल्या गाविया खिंडीत बर्फ पडत होता. योहान व्हान डर वेल्डे हा सायकलपटू अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत सगळ्यांच्या पुढे माथ्यावर पोचला. चढावर अंग तापलेलं होतं, निभावलं. उतारावर मात्र तो गारठला, थांबून आसरा घ्यावा लागला आणि पाऊण तासाहून जास्त वेळ गेला. दुसरा सायकलपटू अँडी हॅम्पस्टन, त्याच्या संघाने त्याच दिवशी स्कीइंगचे जाड हातमोजे आणि गरम कपडे जमवून ठेवले होते. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांत पुढे असलेल्याची जर्सी, त्या दिवशी हॅम्पस्टनला मिळाली, आणि पुढे शर्यतही त्यानेच जिंकली.

आता हात. यात तडजोड नको, कारण ब्रेक बोटांनीच लागतो. गारठा वाढला की शरीर हातापायांकडचं रक्त कमी करून पोटा-छातीकडे वळवतं. पाय निदान काम करत असतात. हात हँडलवर नुसते धरलेले, वाऱ्याच्या तोंडावर. बोटं बधिर झाली की लिव्हर किती दाबला गेला हेच कळत नाही, आणि तिथे पडण्याची भीती असते. हातमोजे वारा अडवणारे आणि थोडे सैल घ्या. फार थंडी असेल तर दोन-दोन बोटं एकत्र राहतील असे घ्या, शेजारचं बोट शेजारच्याला ऊब देतं. आणि मनगट उघडं ठेवू नका. हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या फटीतून वारा थेट कोपरापर्यंत शिरतो.

पायांचंही असंच. गारठतात म्हणून आपण मोज्यांवर मोजे चढवतो, बूट आवळतो, आणि रक्तच फिरत नाही. एकच लोकरी मोजा, बोटं हलतील इतका मोकळा बूट आणि वरून वारा अडवणारं आवरण. गुडघे झाका, तिथे हाडावर कातडीशिवाय फारसं काही नसतं. हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी पुरते. जाड टोपीने हेल्मेट नीट बसत नाही, तो धोका घेऊ नका.

पिशवीत एक कोरडा बनियन ठेवाच. पोचलात की चहा, गप्पा, फोटो सगळं नंतर. आधी ओला काढा, पाठ पुसा, कोरडा घाला.