१० बाय १० ची मुलांची खोली: बेडचं नंतर बघू, आधी फरशी मोजा

नमस्कार मंडळी! आज मुलांच्या बेडरूमबद्दल बोलायचंय, आणि आधीच सांगते, रेसिंग कारचा बेड, ढगांचा वॉलपेपर, छताला चमकणाऱ्या चांदण्या यातलं काही या व्हिडिओत नाहीये, ते इन्स्टाग्रामवर ढिगाने पडलंय. आपण बोलतोय ठाणे, डोंबिवली, पिंपरी-चिंचवड, नाशिक इकडच्या टू बीएचकेमधल्या दुसऱ्या बेडरूमबद्दल, जी ब्रोशरमध्ये १० बाय १० असते आणि प्लास्टर, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) सगळं झाल्यावर टेप लावली की ९ फूट ९ इंच भरते. ते तीन इंच कुठे गेले म्हणून बिल्डरशी भांडून उपयोग नाही, पण फर्निचर ऑनलाइन मागवणार असाल तर त्या तीन इंचांत सगळा खेळ होतो, त्यामुळे माप स्वतः घ्या आणि खाली स्कर्टिंगपाशी घ्या, हवेत नको.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत त्या खोलीत झोपतच नाही हो! आईबाबांच्या मधे झोपतं, नाहीतर आजीजवळ. तरी आपण मूल चार वर्षांचं झालं की सुताराला बोलावतो, पहिलं काय करून घेतो तर बेड, आणि मग त्या बेडवर कोण असतं? घडी घालायचे राहिलेले कपडे आणि इस्त्रीवाल्याचं गाठोडं. मूल खेळतं कुठे, तर हॉलमध्ये, सोफा आणि टीव्हीच्या मधल्या पट्टीत, कारण त्याच्या स्वतःच्या खोलीत खाली बसायला जागाच ठेवलेली नाही.

म्हणून मी खोली फरशीपासून आखते. साधा हिशोब बघा. खोली १०० चौरस फूट धरा. कपाट ६ फूट लांब, २ फूट खोल, झाले १२. सिंगल बेड साडेसहा बाय सव्वातीन, म्हणजे २१. टेबल ४ फूट बाय पावणेदोन, ७ गेले. दार आत उघडतं, त्याला ९ तरी सोडावे लागतात. उरले पन्नासेक, त्यातले अजून १२ कपाटाची शटर उघडायला मोकळे हवेत. आता याच खोलीत "गणपतीत पाहुणे येतात, असू दे" म्हणून ५ फूट रुंद बेड घातला की अजून ११-१२ गेले, तेही वर्षातल्या चार रात्रींसाठी. पाहुण्यांसाठी बेडखाली सरकवायची दुसरी गादी करा, खाली चाकं असतात, रात्री ओढायची, सकाळी ढकलायची, झालं.

फर्निचर ठरवायच्या आधी खडू घ्या आणि फरशीवर कपाट, बेड, टेबल सगळं खऱ्या मापात आखा, आणि मुलाला मधे सोडा. ते जिथे फतकल मारून बसेल आणि खेळणी पसरेल ती जागा कायमची त्याची, तिथे काही ठेवायचं नाही. व्हिट्रिफाइड टाइलवर मोज्यांनी पाय घसरतो म्हणून खाली सतरंजी टाका आणि सतरंजीखाली ती रबरी जाळी मिळते ना, ती टाका. फोमचे पझल मॅट चालतात, पण पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उचलून खालची फरशी पुसा, नाहीतर वास मारतो.

बेड पाच-सहा वर्षांपर्यंत केलाच नाही तरी चालतं, गादी पुरते. करायचाच असेल तर बुटका करा पण लांबी पूर्ण मोठ्या माणसाची ठेवा, ७५ किंवा ७८ इंच, म्हणजे दहावीतही तोच चालेल. आणि एक, हायड्रॉलिक बॉक्स, म्हणजे गादीखालची अख्खी फळी वर उचलून आत सामान ठेवायचा बेड, मुलांच्या खोलीत नको. ती फळी जड असते आणि मूल ती उघडणारच. खाली ड्रॉवर द्या. [प्लायचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून] हे बघा, गादीखालचा प्लाय, याला मी अशी भोकं पाडून घेते, साधारण वीतभर अंतराने एक. भोकं नसलेल्या सपाट प्लायवर कापसाची गादी जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडून राहिली की खालच्या बाजूला काळे ठिपके धरते, आणि आपण म्हणतो मुलाला सारखी सर्दी का होते. सुतार भोकं पाडायला कंटाळतात, तुम्ही समोर उभे राहा.

कपाटाचंही तेच. ज्या भिंतीवर बाहेरून पाऊस झोडपतो, पश्चिमेची किंवा दक्षिण-पश्चिमेची, तिला कपाट चिकटवू नका, मागून ओल येते आणि आतल्या स्वेटरांना बुरशी. दुसरी भिंतच नसेल तर मागे दोन इंच सोडा. आतला दांडा मुलाचा हात पोचेल इतका खाली लावा, युनिफॉर्म त्याचा त्याने काढला पाहिजे आणि ठेवलाही पाहिजे. वरचे कप्पे तुमचे, तिथे गोधड्या जाऊ देत.

आता जरा सिरियस. सुताराने छतापर्यंत केलेलं कपाट भिंतीला ठोकलेलं असतं, ते पडत नाही. पण रेडीमेड ड्रॉवरचं युनिट, ते कमरेएवढं, सुटं उभं असतं. मूल काय करतं, खालचे तीन ड्रॉवर ओढतं आणि त्यांच्यावर जिन्यासारखं चढतं. सगळं वजन पुढे येतं आणि युनिट अंगावर. लहान मुलांचे असे मृत्यू झाल्यावर आयकियाने २०१६ मध्ये अमेरिकेत जवळजवळ २ कोटी ९० लाख अशी ड्रॉवरची युनिट्स परत मागवली होती, त्यामुळे "आमचा तसा नाहीये" हे मला सांगू नका. भिंतीला अडकवायची पट्टी बऱ्याचदा बॉक्समध्येच येते आणि आपण ती ॲलन कीबरोबर ड्रॉवरमध्ये टाकतो. लावा ती! आणि लावताना भिंत कसली आहे बघा, नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात, त्यात स्क्रूचा साधा प्लास्टिकचा गिट्टू धरत नाही, हाताने ओढला तरी बाहेर येतो, त्या ब्लॉकसाठी वेगळा अँकर मिळतो तो मागा. आणि खिडकीखाली टेबल, खुर्ची, खेळण्यांचा खोका, चढता येईल असं काहीही नको, ग्रिल असलं तरी नको.

स्टडी टेबल. घरातलं नेहमीचं टेबल ३० इंच उंच असतं. युरोपात शाळेच्या फर्निचरचं एक स्टँडर्ड आहे, ईएन १७२९, त्यात साधारण सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीला टेबल ५३ सेंटिमीटर म्हणजे २१ इंच, आणि बसायची जागा १२ इंचावर. केवढा फरक झाला बघा. ३० इंचाच्या टेबलावर पहिलीतल्या मुलाचे खांदे कानाला लागतात, पाय लोंबकळतात, आणि मग ते चुळबुळ करतं की आपण ओरडतो, एका जागी बस! पण दर तीन वर्षांनी टेबल कोण बदलणार? मग टेबल मोठ्याच उंचीचं करा, खुर्ची वर-खाली होणारी घ्या, आणि पायाखाली पाट द्या. हो, जेवायला बसायचा लाकडी पाट, एक पुरला नाही तर दोन. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, बास. उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून यायला हवा, डावखुरं असेल तर उलट.

मटेरियल पटकन सांगते. बाथरूमची ओली भिंत लागून नसेल तर इथे आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय लागत नाही, आयएस ३०३ चा नेहमीचा पुरतो (हे प्लायचे भारतीय मानक क्रमांक), दुकानदार ७१० गळ्यात मारायला बघतो. ते पैसे वाचवून ई वन किंवा ई झिरो लिहिलेला प्लाय घ्या, त्यात फॉर्मल्डिहाइड, म्हणजे गोंदातून सुटणारा झोंबरा वायू, कमी सुटतो, आणि काम झाल्यावर वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवून मुलाला दुसरीकडे झोपवा. रंग ब्रँडेड, धुता येणारा. आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग आहे, पण माळ्यावर पडलेला जुना डबा त्याच्या आधीचा असू शकतो, तो वापरू नका. सॉकेट शटरवाले घ्या, म्हणजे प्लग नसताना भोकं आतून बंद राहतात असे. भिंतीवर रेघोट्या तर ओढणारच, म्हणून कपाटाच्या एका शटरला व्हाइटबोर्डचं लॅमिनेट लावा.

आणि आता ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त मेसेज येतात तो बंक बेड, म्हणजे एकावर एक दोन बेड. दोन मुलं, एक खोली, जागा वाचते, कळतं मला. पण आपल्याकडे छताला पंखा असतो, आणि हे फोटोत कुठेच दिसत नाही कारण ते फोटो बाहेरच्या देशातले असतात. [वर हात करून] गणित करू. खोली १० फूट, पंखा मधे, म्हणजे भिंतीपासून ५ फुटांवर. नेहमीचा पंखा ४८ इंची, मधल्यापासून पात्याचं टोक २ फूट. म्हणजे पातं भिंतीपासून ३ फुटांपर्यंत येतं. बंक बेड बाहेरून सव्वातीन फूट. म्हणजे पातं बेडच्या कडेवरून तीन इंच आत फिरतंय! छत साडेनऊ फूट, पंखा त्याच्या फूटभर खाली, वरची गादी पाच फुटांवर, तिथे मूल गुडघ्यावर उभं राहिलं आणि हात वर केला की संपलं. त्यात फॉल्स सीलिंग केलं असेल तर अजून खाली. बंक हवाच असेल तर छताचा पंखा काढून भिंतीचा लावा, समोरच्या भिंतीवर. शिवाय सहा वर्षांखालचं मूल वर झोपवू नका असं अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो, आणि कठडा गादीच्या वर किमान ५ इंच राहिला पाहिजे. आपण काय करतो, ४ इंचाच्या गादीसाठी बनवलेल्या बेडवर ८ इंचाची गादी टाकतो, मऊ लागावी म्हणून, आणि कठडा गादीत बुडतो. मला विचाराल तर १० बाय १० मध्ये बंकपेक्षा मघाचा तो सरकवायचा खालचा बेडच बरा, दोघं खालीच झोपतात आणि पंख्याचा प्रश्न उरत नाही.

तर कमेंटमध्ये खोलीचं माप, दार कुठल्या कोपऱ्यात, खिडकी कुठल्या भिंतीला, पंख्याचा हुक कुठे आणि मुलांची वयं एवढं लिहा, फोटो नको, फोटोवरून मापं कळत नाहीत. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही खोल्या कागदावर आखून दाखवते.