छडी खाली येण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

व्हिएन्नाच्या ‘हाउस डेर म्युझिक’ या संग्रहालयात २००० सालापासून एक गंमत आहे. पडद्यावर ‘व्हिएन्ना फिलहार्मोनिक’ या वाद्यवृंदाचे वादक तयार बसलेले, आणि कंडक्टर, म्हणजे छडीच्या इशाऱ्यावर त्यांना वाजवायला लावणारा संचालक, तुम्ही! छडी उचलायची, हवेत फिरवायची. छडीतून निघणारे अवरक्त किरण टिपून संगणक तुमचा हात वाचतो. हात भरभर चालला की लय वाढते, ऐसपैस फिरला की आवाज चढतो. अगदीच भलतं काही केलंत, तर वादक वाजवणं थांबवून तोंडावर तक्रार करतात. तिथे पडद्यावरून पाहुण्यांना धडे द्यायला आले ते आपल्या मुंबईचे कंडक्टर झुबिन मेहता.

छडी खाली येऊन जिथे वर वळते, तो ठोका. तेवढं संगणकाला ओळखता येतं. पुढची अडचण ध्वनिमुद्रणाची, कारण वादकांचं वाजवणं आधीच मुद्रित केलेलं. कॅसेट जोरात फिरली की गाणाऱ्याचा आवाज कसा चिरका व्हायचा, आठवतं ना? इथे सूर जागेवर ठेवून फक्त लय बदलावी लागते.

खरी गोम मात्र वेगळीच. मुरलेल्या कंडक्टरचा हात सुरांच्या थोडा पुढे चालतो. नवखा माणूस सूर ऐकू येण्याची वाट बघतो, संगणक त्याच्या हाताची. दोघंही एकमेकांसाठी थांबले, की द्रुत म्हणून सुरू झालेलं बघता बघता विलंबितात जातं!

अमेरिकेतल्या ‘बेल लॅब्ज’ या संशोधन प्रयोगशाळेत १९५७ साली संगणकाला वाजतं करणारे मॅक्स मॅथ्यूज यांनी पुढे ‘रेडिओ बॅटन’ बनवलं. दोन छड्या, त्यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरी, आणि त्या टिपणारा खालचा पाट. स्वरलिपी संगणकाच्या पोटात. वादकाने फक्त ठोका द्यायचा, भाव भरायचा. चुकीचा सूर लागायची सोयच नाही. मला विचाराल, तर रियाज टाळणाऱ्यांचा हा स्वर्गच.

पण हात म्हणजे नुसती हालचाल का? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये टेरेसा मॅरिन यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस कंडक्टरसाठी एक जाकीटच शिवलं. त्यात स्नायूंचा ताण, श्वास, हृदयाचे ठोके मोजणारे संवेदक. ‘बॉस्टन पॉप्स’ या वाद्यवृंदाचे कंडक्टर कीथ लॉकहार्ट यांनीही ते अंगात घातलं होतं. त्या नोंदींतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. स्वरलिपीचं पान उलटताना हात चांगला लांबवर जातो, पण आलेखावर स्नायूंच्या ताणाची रेघ फारशी उठत नाही. तोच हात वादकांना काही सांगू लागला, की रेघ उसळते. कॅमेऱ्याला विचारलं, तर दोन्ही वेळी हात हललाच होता.