मिक्सर हळूहळू बंद करा
(नागपुरात पालक आणि अंगणवाडी सेविकांसमोर एका स्पीच थेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आत येताना दारातच एका आजींनी मला गाठलं. "बाई, आमचं पोट्टं बोलत नाही. पण त्याचा बाप बी तीन वर्षांचा झाल्यावरच बोलला." आजी खोटं बोलत नाहीत. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे घरच्यांना कानांवर हात ठेवायला लावतात. पण दीड वर्षाचं कोणतं मूल तसं आणि कोणाला मदत लागणार, हे घरबसल्या कळत नाही. म्हणून तपासायचं. काही निघालं नाही तर ऑटोचे पैसे गेले, एवढंच.

एक मुलगा सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून. वय २२ महिने. ३२व्या आठवड्यात जन्मलेला, सुरुवातीला नळीने दूध. अशा मुलाचं वय आम्ही दोन वर्षांपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजतो, म्हणजे आमच्या हिशेबात २० महिने. तरी एक शब्द नाही. "जेवतो कसा?" विचारल्यावर आईने डबाच उघडला. वरण-भात, पालक, गाजर, सगळं मिक्सरमधून काढलेलं, चमच्यावरून धार लागेल असं. समोर मोबाइल. चमचा आला की तोंड उघडायचं, नजर पडद्यावर. सात मिनिटांत वाटी रिकामी. "असं केलं तरच खाऊन राहिलाय तो. भाताचं शीत लागलं तरी ओकारी काढतो," ती म्हणाली.

तिला मी बोल लावला नाही. त्या मिक्सरवरच त्याचं वजन वाढलं होतं.

पण चावणं शिकावं लागतं. ६ महिने पूर्ण झाले की कुस्करलेलं, ९-१० महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेलं, हातात धरून खायचं. तेव्हा जीभ घास बाजूला, हिरडीखाली ढकलायला शिकते. ते दिवस निसटले की पुढे अवघड जातं, अशक्य होत नाही.

मग चावायला लागला की बोलेल? नाही. हा गैरसमज आमच्याच व्यवसायातल्या काहींनी पसरवलाय. शिट्ट्या, फुगे, मेणबत्त्या! फुंकण्याच्या सरावाने फुंकता येतं, शब्द येत नाहीत. जेवण आणि बोलण्याचा धागा दुसरीकडे आहे. त्या सात मिनिटांत त्याला काही मागावंच लागत नव्हतं. 'दे', 'नको', 'अजून' म्हणायची वेळच येत नव्हती.

आधी तपासण्या. बोलत नसेल तर कान आधी, लागली तर बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणारी चाचणी. पाणी पिताना ठसका, जेवताना आवाज ओला-घरघरता, किंवा वारंवार न्यूमोनिया असेल तर घरी प्रयोग नकोत, गिळणं तपासून घ्या. आमच्या मुलाचं गिळणं ठीक निघालं, कानही.

मिक्सर एका दिवसात बंद करू नका, मूल उपाशी राहील. आम्ही आधी जाडसर फिरवलं, मग रवीने घोटलं, मग बोटांनी कुस्करलं. आणि संत्रं, नागपुरात ते शोधावं लागत नाही. एका फोडीचा पापुद्रा आणि बिया काढून मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधली. टोक आईच्या हातात, पुरचुंडी दाढा येतात त्या बाजूला. तो चावला, रस आला, एक डोळा मिटला गेला. आंबट होतं ना! आणि अर्ध्या तासात पहिल्यांदा त्याने आईकडे पाहिलं. तिने पुरचुंडी मागे घेतली आणि थांबली. दहा सेकंद गप्प राहणं आयांना फार जड जातं हो. तो म्हणाला, "म्म." तिने दिली. त्या दिवशी एवढंच.

सेविकांसाठी: २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकं अंगणवाडीतली मुलं तपासतात आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक येईपर्यंत थांबू नका, शंका आली त्या दिवशीच कळवा.

घरात मराठी, गल्लीत हिंदी, म्हणून मूल गोंधळतं का? नाही. दोन्ही बोला.

आणि दारातल्या आजी, तुमच्या पोट्ट्याचे कान तपासले का? नाही ना? मग चहाच्या आधी माझ्याकडे या, चिठ्ठी लिहून देते.