शेपटाची गाडी

(इंदूर, राजवाडा, पहाट. दुकानं अजून बंद.)

रविवार, पहाटेचे साडेपाच. राजवाड्यासमोर अकरा गाड्या लागल्यात. तुम्हाला पुढची ती उंच, चकचकीत गाडी आधी दिसली असेल, पण आम्ही कॅमेरा मुद्दाम सगळ्यात मागे नेलाय. ही काळी बुलेट बघा. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. हिच्यावर बसणारे काका आज महेश्वरला जाऊन येऊन एकशे ऐंशी किलोमीटर चालवणार आणि एकदाही आपल्यातल्या कोणाला ओव्हरटेक करणार नाहीत, कारण त्यांचं कामच ते आहे. या जागेला आम्ही शेपूट म्हणतो, आणि आमच्या ग्रुपमध्ये पुढे चालणाऱ्यापेक्षा शेपटाला मान जास्त. पुढचा माणूस रस्ता दाखवतो, पण मागचा माणूस आहे म्हणून बाकीचे नऊ जण निवांत गाडी चालवतात.

आता किक बघा, जवळून. काका चावी फिरवतात आणि नजर हेडलाइटच्या वरच्या त्या, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या छोट्या अॅमीटरवर. किक हळूहळू दाबायची, जोर नाही लावायचा, काटा मायनसकडे झुकतो, परत मध्ये येतो, आणि मध्ये येऊन थांबला की समजायचं पिस्टन वर आलाय. मग डाव्या हाताने डीकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची कळ, ओढून किक जराशी पुढे ढकलायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग एकच, पूर्ण, शेवटपर्यंत. धप्प. एका किकमध्ये चालू. पिस्टन चुकीच्या जागी असताना कोणी ताकद दाखवायला गेलं तर किक उलटी येते आणि घोट्याचं काम करून जाते, दोन पोरं लंगडताना मी स्वतः बघितलीत.

काका महूला फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे निरोप-दळणवळणाच्या शाखेत होते. फौजेत मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्याला डिस्पॅच रायडर म्हणतात, काकांनी ते काम केलंय, आणि रिटायर होऊन इंदूरला रामबागेत राहायला आले तेव्हा गाडी आणि सवयी दोन्ही सोबत आणल्या. त्यातली एक सवय तुम्हाला आत्ता दिसणार नाही. क्लच वायरच्या बाजूने एक दुसरी वायर चाललीय, काळ्या टेपने चिकटवलेली, दोन्ही टोकं मोकळी. ती लक्षात ठेवा.

(राऊ ते महू, हायवे.)

राऊपर्यंत काही विशेष नाही, शहर संपायला वेळ लागतो एवढंच. उजव्या हाताला पीथमपूर राहतं. देशात गाड्यांची चाचणी करायचा 11.3 किलोमीटरचा लंबगोल हायस्पीड ट्रॅक तिथेच आहे, 2021 ला सुरू झाला. मला या गोष्टीचा खरंच अभिमान वाटतो, आपल्या माळव्याच्या मातीत एवढा ट्रॅक. पण आपल्याला त्या स्पीडचं काही काम नाही.

इथे ओळ बघा कशी चाललीय. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, परत एक डावीकडे, झिगझॅग, म्हणजे ब्रेक मारायची वेळ आली तर समोर जागा मोकळी. पुढच्याने डावा पाय बाहेर काढला म्हणजे डावीकडे खड्डा किंवा गिट्टी, उजवा काढला तर उजवीकडे. टाकीवर थाप म्हणजे पेट्रोल. प्रत्येकाने आपल्या मागच्याला तसाच पाय काढून दाखवायचा आणि असं करत करत निरोप काकांपर्यंत जातो, अकरा गाड्या, एक शब्द बोलायचा नाही.

महूला वळण येतं. आता नीट बघा, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. पुढचा माणूस वळायच्या आधी बोट दाखवतो आणि त्याच्या पाठीमागचा जो असेल, कोणीही असो, तो तिथे गाडी बाजूला लावून उभा राहतो. त्याला आम्ही खांब म्हणतो. बाकीचे सगळे खांबाला बघून वळतात, आणि काका दिसले की खांब निघतो, काकांच्या पुढे लागतो. पुढच्या वळणाला दुसरा खांब. यात कोणाला रस्ता पाठ असायची गरज नाही, मोबाइल बघायची गरज नाही, समोरची गाडी दिसेनाशी झाली म्हणून जीव खाऊन पळवायची तर अजिबातच गरज नाही. नवीन पोरं पडतात ना, ती बहुतेक वेळा मागे राहिलोय या भीतीने पडतात. नियम एकच, काका दिसल्याशिवाय खांब हलणार नाही, मग एक तास होवो की दोन.

महूला पोहे. शेव, कांदा, वरून जिरावन मसाला, सोबत जलेबी. याच्यावर मी अजून दहा मिनिटं बोलू शकतो पण पुढे जाऊ.

बडगोंद्याच्या पुढे हा जो पट्टा आहे, इथे तीन वर्षांपूर्वी मी पडलो. पहिला पाऊस, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती रस्त्यावर आणलेली, आणि आपली काळी माती ओली झाली की साबण. पुढचं चाक गेलं आणि मी गेलो. गळ्याच्या खालचं हाड मोडलं, कॉलर बोन. पण मला आठवतंय ते हे की कोणीतरी माझं हेल्मेट ओढायला लागला आणि काका मागून आले आणि ओरडले, हात लावू नका. श्वास चालू आहे, बोलतोय, मग हेल्मेट राहू द्या, मान हलवू नका. एकाला गाडी घेऊन मागे पाठवलं, येणाऱ्यांना थांबवायला, एकाला 108 लावायला सांगितलं, आणि स्वतः माझ्या डोक्याशी बसून राहिले, दोन्ही हातांनी हेल्मेट धरून, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. तेवढ्यात दोन कार आल्या, बघितलं आणि निघून गेल्या. लोकांना पोलिसांची भीती वाटते, मला समजतं. म्हणून इथे सांगून ठेवतो, 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलंय. अपघातातल्या माणसाला चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची जबरदस्ती पण नाही. थांबा हो. प्लीज थांबा.

(जाम गेट. धुकं.)

हा जाम दरवाजा, अहिल्याबाईंच्या काळातला. इथे माळव्याचं पठार संपतं. दरवाज्यातून खाली बघितलं की विंध्याचा उतार आणि पलीकडे निमाड, नर्मदेचं खोरं. महेश्वरला राजधानी होती तेव्हा घोडे, बैलगाड्या, डाक याच घाटाने वर यायची. इथे आलो की आमच्यातला प्रत्येक जण जरा गप्प होतो, फोटो नंतर काढतात.

इथून खाली उतरताना काका सगळ्यांना एकच सांगतात, ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिन गाडीला धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात, डिस्कवाल्यांचं ऑइल उकळायला लागतं आणि लिव्हर मऊ पडतं, बोटं आत जातात आणि गाडी काही थांबत नाही.

महेश्वरला घाटावर दोन तास. नर्मदेत पाय, जेवण, थोडी झोप. परत निघालो साडेबाराला आणि गोष्ट खरी इथे सुरू होते.

(जाम घाट, चढण. दुपार.)

रामबागेतलीच एक मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, आज पहिल्यांदा आलीय. गाडी तिच्या वडिलांची, काकांच्याच मेकची बुलेट, कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. चढणीवर दुसऱ्या वळणाला, पहिला गिअर टाकायच्या वेळी क्लचचं लिव्हर एकदम ढिलं पडून हातात आलं. क्लच वायर तुटली. तिच्या मागे फक्त काका, आणि सोबत कॅमेरा घेऊन मी.

काकांनी गाडी लावली, इंडिकेटर चालू केला, झाडाची एक फांदी तोडून वळणाच्या मागे रस्त्यावर टाकली. घाई नाही. मग त्यांनी विचारलं, लिव्हर कधीपासून जड लागत होतं? ती म्हणाली, तीन दिवस झाले काका, मला वाटलं माझाच हात दुखतोय. काका म्हणाले, वायर एकदम तुटत नाही बेटा, आतली एक एक तार जाते, लिव्हर खरखरतं, जड होतं, ती सांगत असते.

सपाटीवर असती तर क्लचशिवाय पण नेता येते गाडी, न्यूट्रलमध्ये चालू करायची, दोन पावलं ढकलून पहिला टाकायचा, पुढचे गिअर रेस सोडून अलगद. चढणीवर ते जमणार नाही. मग काका आपल्या गाडीकडे गेले आणि ती टेपने चिकटवलेली दुसरी वायर सोडवायला लागले.

आणि पाना तिच्या हातात दिला. हात तुझे, तोंड माझं, असं म्हणाले.

हे मी सगळं शूट केलंय, कट न करता ठेवतोय. आधी अॅडजस्टर (वायरचा ताण कमी-जास्त करायचा) पूर्ण ढिला. लिव्हरमधून वायरच्या टोकाची तुटकी गोळी काढली, तारेचं टोक बोटात घुसलं, रक्त आलं, तिने पँटला पुसलं. मग काकांनी खिशातून सुतळी काढली. जुनी वायर अशीच ओढून काढायची नाही, तिच्या वरच्या टोकाला सुतळी बांध आणि मग खालून ओढ. वायर खाली निघाली, टाकीच्या खालून सुतळी तिच्या जागी आली. आता सुतळीच्या खालच्या टोकाला नवीन वायर बांध, वरून ओढ. नवीन वायर जुन्याच रस्त्याने आपोआप वर आली. टाकी खोलायची गरजच पडली नाही. तिचा चेहरा बघा इथे.

खाली गिअरबॉक्सपाशी अडकवली, वर गोळी बसवली, खाचा एका रेषेत आणून वायर आत घेतली. अॅडजस्टर आवळताना काका म्हणाले, लिव्हरच्या मुळाशी 2-3 मिलिमीटर मोकळा खेळ ठेव, खेळ नसेल तर क्लच घसरत राहील, प्लेटा जळतील. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, वायर कुठे ताणत तर नाही ना बघ. चाळीस मिनिटं लागली. काकांनी केलं असतं तर पंधरा मिनिटांत झालं असतं, मी विचारलं त्यांना. म्हणाले, मग पुढच्या वेळी पण मलाच करावं लागलं असतं.

काकांना हे फौजेत मिळालं आणि नंतर इंदूरच्या एका उस्तादाकडे, जिथे आम्ही सगळेच शनिवारी संध्याकाळी पत्र्याच्या डब्यावर बसून राहायचो. स्पार्क प्लग काढून रंग बघायला त्यानेच शिकवलं, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग म्हणजे ठीक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा म्हणजे कमी जातंय आणि इंजिन तापतंय. आता 2020 नंतरच्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटरच नाही, तिथे आमच्यातला एकवीस वर्षांचा पोरगा उस्ताद आहे. ट्यूबलेसचं पंक्चर काढायला काकांना त्याने शिकवलं, खिळा जागा बघितल्याशिवाय काढायचा नाही, भोक घासून घ्यायचं, पट्टी आत ढकलून थोडी बाहेर ठेवायची, वरून थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचं. काका वहीत लिहून घेत होते.

(जाम गेट, परत.)

आम्ही वर पोचलो तेव्हा दरवाज्यापाशी खांब उभा होता. तोच एकवीस वर्षांचा. घाटात रेंज मिळेलच असं नाही, त्याला काहीच माहीत नव्हतं, तासभर उन्हात हेल्मेट घालून उभा, पाण्याची बाटली संपलेली. बाकीचे पुढे महूला थांबलेले. काकांचा दिवा दिसला तसा त्याने हात वर केला, गाडी चालू केली आणि पुढे लागला. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

(रामबाग, मंगळवार, संध्याकाळ.)

काकांच्या घराचं अंगण. ती आलीय, हातात नवीन क्लच वायर. आधी वायर खिळ्याला उभी टांगली, प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून वरच्या टोकाला दोऱ्याने बांधला, पिशवीत दोन चमचे इंजिन ऑइल. तेल हळूहळू वायरीच्या आतून झिरपत खालच्या टोकाला येतं, त्याला रात्र लागते. हे तिला काकांनी सांगितलं नव्हतं, तिने कोणालातरी विचारून आणलं.

काकूंनी चहा आणला. उद्या सकाळी ऑफिसच्या आधी येते म्हणाली, टेप आणलाय, आपणच चिकटवू.