आडनाव पाटील, बेट दुसऱ्याचं

(वाचनकट्ट्यावरील व्याख्यान, संपादित)

गेल्या महिन्यात इथल्याच दोन मुलींनी एक कादंबरी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, वाचा, पण शेवट कुणाला विचारू नका." ई. लॉकहार्ट यांची 'वुई वेअर लायर्स'. अमेरिकेत ती 2014 साली आली, 2025 मध्ये तिच्यावर वेब-मालिका झाली आणि तिथून ती आपल्या मुलांपर्यंत पुन्हा पोचली. पुस्तकाचे पाच भाग आहेत आणि मी तिसऱ्याच्या मध्यावर आहे. संपवून बोलता आलं असतं, पण मला मुद्दाम आजच बोलायचं होतं. एकदा शेवट कळला की आधी काय वाटलं होतं ते नीट आठवत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ, मार्थाज व्हिनयार्डच्या आसपास, सिंक्लेअर घराण्याचं स्वतःचं बेट आहे. बेट काल्पनिक असलं तरी त्या भागात असं खरोखर घडतं. तिथलं नौशॉन बेट एकोणिसाव्या शतकापासून फोर्ब्स घराण्याकडे आहे. तर या बेटावर आजोबा हॅरिस, त्यांच्या तीन मुली आणि नातवंडं दर उन्हाळ्यात जमतात. प्रत्येक मुलीला एकेक घर बांधून दिलेलं. सगळी उंच, गोरी, देखणी माणसं. रडायचं नाही, तक्रार करायची नाही, हा घरचा रिवाज. गोष्ट सांगते ती थोरली नात कॅडन्स, म्हणजे कॅडी. पंधरा वर्षांची असताना बेटावर तिला अपघात झाला. डोक्याला मार बसला आणि त्या उन्हाळ्यातलं बरंचसं पुसलं गेलं. आता दोन वर्षांनी ती परत आली आहे.

सुरुवातीच्याच पानांवर मी थबकले. कॅडीचे वडील घर सोडून जातात. सामान गाडीत ठेवतात, आणि पुढच्या वाक्यात ते पिस्तूल काढून मुलीच्या छातीत गोळी घालतात. रक्त गवतावर, विटांच्या वाटेवर, पायऱ्यांवर पसरतं. मी दचकून मागचं पान उलटलं. गोळी खरी नाही, पण लेखिका 'जणू' म्हणत नाही, 'वाटलं' म्हणत नाही. आपण 'काळजाला घरं पडली' असं सहज बोलून जातो आणि कुणाच्याही डोळ्यांपुढे काळीज येत नाही. हिने ते समोर उघडं ठेवलं आहे. आणि आई काय करते? रक्ताच्या त्या थारोळ्यात पडलेल्या मुलीला सांगते, स्वतःला सावर, नीट वाग. आपल्याकडे ती म्हणाली असती, "तोंड धुऊन घे, लोक येतील." शब्द वेगळे, पण हे मी ऐकलेलं आहे. माझे काका गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आम्हा मुलांना शेजारी पाठवलं, पोहे खायला घातले. मोठी माणसं आम्ही आत आलो की गप्प व्हायची. काय झालंय ते आम्हाला कळलं होतं, फक्त ते कुणाशी बोलायचं ते कळत नव्हतं.

आता शीर्षकातल्या पाटलाकडे येते. थोरल्या मावशीचा जोडीदार एड भारतीय वंशाचा आहे आणि त्याचा पुतण्या गॅट पाटील आठ वर्षांचा असल्यापासून बेटावर येतो. कॅडी, तिची दोन मावसभावंडं आणि हा गॅट, अशी ती चौकडी. इंग्रजी अक्षरांत ते नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझ्या मराठी डोळ्यांनी ते 'गत' असं वाचलं आणि ते अजून मनातून जात नाही. पण आडनावाने मला जास्त अस्वस्थ केलं. आपल्याकडे पाटील म्हटलं की वाडा आला, शिवार आलं, गावात शब्दाला वजन आलं. या बेटावर पाटील हा एकटाच असा, ज्याचं तिथे काहीच नाही. आजोबा त्याला कधी नावाने हाक मारत नाहीत, "यंग मॅन" म्हणतात. कॅडीने हे इतकी वर्षं ऐकलं, पण गॅटने सांगेपर्यंत तिच्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटतं, कादंबरीतली खरी जखम इथे आहे.

दुसरी जखम वाटणीची. आजी गेल्यावर तिच्या टेबलक्लॉथवरून, दागिन्यांवरून बहिणी भांडतात. घरं कुणाला मिळणार यासाठी आया आपल्याच मुलांना आजोबांकडे धाडतात, जा, लाडीगोडी लाव. मी मराठीत शब्द शोधत होते. 'भाऊबंदकी' म्हणावं, तर त्या शब्दात बहीण नाहीच. कशी असणार? महाराष्ट्रात वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा कायद्याने दिला तो 1994 मध्ये, आणि देशभर 2005 मध्ये. लॉकहार्टबाईंनी मधूनमधून एक परीकथा पेरली आहे, तीन मुली असलेल्या राजाची. दर वेळी ती नव्याने सुरू होते आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी मोडते. त्या कथा मी दोनदा वाचल्या. काही वाक्यं मात्र कवितेसारखी तोडून खाली-खाली लिहिली आहेत, ती मला प्रत्येक ठिकाणी पटली नाहीत.

मी थांबले आहे ती जागा सांगते. कॅडी परतते तेव्हा आजोबांचं जुनं लाकडी घर जागेवर नाही. तिथे काचेचं, थंड, नवं घर उभं आहे. ते का पाडलं, हे कुणी तिच्याशी बोलत नाही. आईने म्हणे तिला अपघाताबद्दल पुन्हा पुन्हा सांगितलं आणि ती पुन्हा पुन्हा विसरली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, तिचं तिलाच आठवू द्या. म्हणजे बेटावरच्या लहान मुलांनासुद्धा सगळं माहीत आहे, फक्त तिला नाही.

पहिल्या रांगेतल्या तुम्ही चौघींनी पुस्तक संपवलं आहे. मघाशी मी गॅटचं नाव घेतलं तेव्हा तुमच्यातल्या एकीने मान खाली घातली, ते मी पाहिलं. काही सांगू नका. मी आज रात्री पुढे वाचणार आहे.