वाळ्याचा रंग कोणता?

मित्रहो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रणरणते दिवस, अजून दूर असला तरी नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे निघालाच आहे, त्यामुळे आज वाळ्याविषयी बोलण्यासाठी आपली मनधरणी करावी लागणार नाही. ‘वाळा आणि स्वास्थ्य’ हा विषय जाहीर झाला आहे. त्याकडे मी येतोच, परंतु आधी मनातली एक खंत बोलून दाखवतो.

गेल्या उन्हाळ्यात इतवारीतल्या एका दुकानात मी वाळा मागितला, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने हिरव्यागार सरबताची बाटली पुढे केली. ‘सरबत नको, मुळ्या हव्यात, खस म्हणतात ती,’ असे म्हटल्यावर त्याने खसखशीची पुडी बांधायला घेतली. त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण त्याला मूळ कोणी दाखवलेच नव्हते. खसखस हे अफूच्या बोंडातले बी, तर वाळा हे एका गवताचे मूळ. नावातल्या ध्वनीपलीकडे त्यांचे काही नाते नाही. शिवाय हे मूळ मातकट असते, त्याचे तेलही पिवळसर-तपकिरी असते, आणि सरबतातला हिरवेपणा बाहेरून घातलेला असतो. ज्या गावाने वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून दुपारी काढल्या, त्या गावाने वाळा हिरवा समजावा, याचे मला फार वाईट वाटते.

अकबराच्या काळी बांबूच्या सांगाड्यात वाळा भरून त्यावर गार पाणी शिंपडीत, असे ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदलेले आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषून घेते, आणि हवा जितकी कोरडी तितका हा परिणाम मोठा. म्हणूनच ही युक्ती नागपूरला जशी फळते तशी मुंबईच्या दमट हवेत फळत नाही. कूलरमध्ये आता बहुधा लाकडाचा कीस असतो. गारवा त्यानेही येतो, सुगंध मात्र येत नाही.

रामटेक आपल्याला जवळ आहे, म्हणून कालिदासाचेही सांगतो. ‘शाकुंतल’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी प्रियंवदा उशीराचा, म्हणजे वाळ्याचा, लेप घेऊन निघालेली आहे, कारण शकुंतलेला ऊन बाधले असे सांगितले जाते. खरे कारण दुष्यंत होता हे आपण जाणताच. परंतु ऊन लागले की वाळा, हा उपचार तेव्हाच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नव्हता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा स्वास्थ्याचे थोडक्यात सांगतो. चरकाने वाळ्याची गणना दाह शमवणाऱ्या द्रव्यांत केली आहे, आणि तापातल्या तहानेसाठी नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, उदीच्य ही सुगंधी वनस्पती व सुंठ घालून उकळून निववलेले पाणी सांगितले आहे, तेच षडंगोदक, म्हणजे सहा द्रव्यांचे पाणी. घरी मात्र धुतलेल्या मुळ्यांची लहान जुडी माठात सोडणे पुरेसे आहे. ती दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवावी आणि पुन्हा वापरावी. रात्री ओलसर जुडी खिडकीत टांगली, तर येणाऱ्या झुळकेबरोबर तो मातीसारखा वास येतो आणि तापलेले डोके शांत होते, हा आमच्या घरातला जुना अनुभव आहे. मात्र उष्माघाताने कोणी बरळू लागले किंवा शुद्ध हरपली, तर वाळ्याच्या भरवशावर न राहता अंग गार करीत त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

मृगाच्या सरी आल्यावर जुडी फेकू नये. ती कडकडीत वाळवून कपड्यांच्या ट्रंकेत ठेवावी, जशी माझी आजी ठेवीत असे.