गोल खोपटं आणि चौकोनी घर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा: 'इनामगावचा शेतकरी चौकोनी घर सोडून गोल खोपटात का गेला?' उत्तर देणार आहे, घाबरू नका. पण आधी जमिनीबद्दल थोडं बोलू द्या. सात-बाऱ्यावरची नव्हे, पायाखालची. सारवलेली.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, खणली आणि शंभराहून जास्त घरं उजेडात आणली. इ.स.पू. १६०० ते ७००, म्हणजे नऊशे वर्षं, तिथं शेतकरी नांदले. आता 'घरं सापडली' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भिंती उभ्या राहतात. भिंत कसली! कुड, म्हणजे काठ्यांची लिंपलेली भिंत, कुजून जातो; मातीची भिंत बहुतेक वेळा पावसाबरोबर वाहून जाते. हाती लागते ती जमीन. सारवणावर सारवण, पापुद्र्यासारखं. आणि खांबांचे खळगे.

खळग्यांवरून आठवलं. विद्यार्थी असताना मी एका वेगळ्याच पांढरीवर होतो. माझ्या चरात काळपट मातीचे वाटोळे डाग लागायला लागले. मी हुशार. वहीत लिहिलं, 'उंदराचं बीळ.' दुसरा डाग, 'उंदराचं बीळ.' असे अकरा उंदीर नोंदवले. शेजारी खोदकाम करणारे एक म्हातारबाबा बिडी विझवून आले. त्यांनी चर खुरप्यानं तासून साफ केला, हातानं पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "बसा आता गप." आम्ही बसलो. भोवतालची जमीन वाळून फिकी पडली, डाग मात्र ओले, काळेच राहिले. बाबांनी एक डाग मधोमध उभा कापला. कडा सरळ खाली गेलेल्या, बूड सपाट, बाजूला दगडांची पाचर. "सायेब, उंदीर काय ओळंबा लावून उकरतोय व्हय?"

अकराच्या अकरा एका ओळीत होते. ती भिंत होती! पण वहीत खाडाखोड करायची नाही हा आमच्याकडचा दंडक, त्यामुळे ते उंदीर अजून दफ्तरात जिवंत आहेत.

बरं, धान्य साठवायचे खड्डेही इनामगावात मिळाले. आपण त्याला पेव म्हणतो. हल्ली व्याख्यानांचं फुटतं ते... हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. मुद्द्यावर येतो.

इ.स.पू. १४०० ते १००० मधली घरं आयताकृती, ओळीनं बांधलेली. बुटकी मातीची भिंत, वर कुड, वर शाकारलेलं छप्पर. एक तर चक्क पाच खोल्यांचं, शेजारी कोठार. १००० नंतर मात्र लहान गोल खोपटं. इनामगाव खणणारे पुरातत्त्वज्ञ ढवळीकर, त्यांचं म्हणणं असं, की पाऊस घटला, शेती आटली आणि माणसं शेळ्यामेंढ्यांच्या मागं अर्धी भटकी झाली. ते मला पटतं. माझी भर एवढीच: आढं बघा, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड. आयताकृती घराला लांब, सरळ आढं लागतं. गोलाला नाही, बारीक काठ्या शेंड्याला बांधल्या की झालं. शिवाय तेवढ्याच लांबीच्या कुडात गोल घर चौरसापेक्षा सुमारे २७ टक्के जास्त जागा देतं. हातात लाकूड कमी असलेल्या माणसाचा हिशेब आहे हा.

पण गोल घराला खोली जोडता येत नाही. पोराचं लग्न झालं की शेजारी दुसरं खोपट, मग तिसरं, आणि मधे अंगण. म्हणून एक गोल म्हणजे एक घर असं मोजू नका. तसं मोजलंत तर माणसं एकदम वाढलेली दिसतील. मी अंगणं मोजतो. कुठल्या खोपटांमधली जमीन एकसंध तुडवलेली आहे ते बघतो, आणि तेवढ्या सगळ्यांचं मिळून एक घर धरतो. यावर भांडायचं असेल तर चहाला भेटा, आता हे माईक काढून घेतायत.